सोमल आणि मेंदूतले निरोप



आज आत येताना एका सद्गृहस्थांनी मला अडवून विचारले, "विषावर बोलणार म्हणजे खुनाच्या गोष्टी सांगणार ना?" त्यांची थोडी निराशा होणार आहे. सोमलाने माणूस मरतो हे सर्वांना ठाऊक आहे. ते सांगण्यासाठी व्याख्यानमालेने वक्ता बोलावण्याची गरज नव्हती. मला बोलावयाचे आहे ते सोमल माणसाला मारीत नाही तेव्हा काय करतो याबद्दल.

सोमल, हरताळ आणि मनशीळ ही तिन्ही नावे आपल्या आजीच्या बटव्यातली नसली तरी वैद्याच्या कपाटातली खास आहेत. तिन्हींत एकच मूलद्रव्य आहे, आर्सेनिक. गंधकाशी संयोग पावले की ते पिवळा हरताळ किंवा तांबडी मनशीळ होते. प्राणवायूशी संयोग पावले की पांढरा, बेचव सोमल होतो. पोथ्या लिहिणारे जुने लेखक एखादे अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत आणि ते अक्षर नाहीसे करीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. (दुकाने बंद करावयाचा हरताळ निराळा, त्याचा या द्रव्याशी काही संबंध नाही.) लिहिलेले पुसणारे हे द्रव्य लहान मुलाच्या मेंदूतही पुसापुशी करते. हा पुसलेला मजकूर मागाहून कुणाला वाचताच येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ज्याला मारले त्याच्या पोटातला सोमल शोधून काढणे पूर्वी कठीण होते. १८३६ साली जेम्स मार्श नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने त्यावर परीक्षा शोधून काढली. संशयित पदार्थ, जस्त आणि आम्ल एकत्र केले की आर्सेनिक वायुरूपाने बाहेर पडते. तो वायू तापवून थंड काचेवर घेतला की काचेवर काळसर, आरशासारखा डाग उमटतो. पुढे चारच वर्षांनी फ्रान्समधला लाफार्ज खटला या परीक्षेवर गाजला. मृताच्या बाबतीत न्यायाधीशापुढे ठेवावयास काचेवरचा डाग मिळाला. पण मूल जिवंत आहे, खाते, खेळते, शाळेत जाते, आणि फक्त पाढे पाठ व्हावयास त्याला शेजारच्या मुलापेक्षा दुप्पट वेळ लागतो. त्याच्यासाठी कोणती काच आणावयाची?

प्रथम मज्जातंतूंचे पाहू. १९०० साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि सालफर्ड या जुळ्या गावांत शेकडो गरीब माणसे हातापायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, पाय उचलत नाहीत अशा तक्रारी घेऊन इस्पितळात येऊ लागली. डॉक्टरांचे निदान तयारच होते: दारूने मज्जातंतू सुजले. ही माणसे पिणारी होती, गरीबही होती, तेव्हा निदानास फारसा विचार लागला नाही. अर्नेस्ट रेनॉल्ड्स नावाच्या डॉक्टरला मात्र एक गोष्ट खटकली. कडक दारू पिणारे धडधाकट होते आणि बीअर पिणारे लुळे पडत होते. शिवाय अनेकांची कातडी काळवंडली होती, काहींना नागीण उठली होती, आणि सोमलाच्या औषधाने नागीण उठते हे त्याला ठाऊक होते. त्याने बीअर तपासली. तीत आर्सेनिक निघाले. बीअरसाठी साखर करावयास गंधकाचे आम्ल वापरीत, ते आम्ल ज्या खनिजापासून काढले त्यात आर्सेनिक होते, आणि ते पायरीपायरीने पेल्यात उतरले होते. सुमारे ६,००० माणसे आजारी पडली आणि ७० च्या वर दगावली. पुढे लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला.

पायांनाच प्रथम का बाधावे? कारण पायाला जाणारा तंतू सर्वांत लांब. मज्जापेशीचे शरीर कण्याजवळ असते आणि तिचा धागा अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर, गेलेला असतो. एवढ्या लांब धाग्याला रसद पोचवावयाची म्हणजे घरची चूल चांगली पेटती हवी. चूल मंदावली की सर्वांत दूरचे गाव प्रथम उपाशी मरते. म्हणून बाधा मोजे घातल्यासारखी पायांत सुरू होते आणि मग हातमोज्यांसारखी हातांत येते.

ही चूल सोमल कशी विझवतो, याचा शोध लागला तो कबुतरांमुळे. ऑक्सफर्डचे रुडॉल्फ पीटर्स हे १९३० च्या सुमारास बेरीबेरी या रोगाच्या मागे लागले होते. सडीक तांदळावर ठेवलेली कबुतरे मान मागे टाकून तडफडतात आणि ब-१ जीवनसत्त्व टोचले की थोड्याच वेळात उठून बसतात. या कबुतरांच्या मेंदूत साखरेच्या ज्वलनाची एक पायरी अडलेली असते, असे पीटर्सना आढळले. साखर अर्धी मोडून पायरुव्हिक आम्ल तयार होते, पण ते पुढे जळत नाही. त्यानंतर महायुद्ध आले. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा शोधण्याचे काम याच मंडळींकडे आले, आणि आर्सेनिकही तीच पायरी अडवते असे दिसून आले! मँचेस्टरच्या बीअरबाजाचे पाय आणि बेरीबेरीच्या रोग्याचे पाय सारखे का दिसतात, त्याचे उत्तर कबुतराच्या मेंदूतून निघाले. विज्ञानातले असले योगायोग मला कादंबरीतल्या योगायोगांपेक्षा जास्त आवडतात. ते जुळवून आणलेले नसतात.

ती पायरी जरा जवळून पाहू. साखर जाळणाऱ्या एका विकराला लायपोइक आम्ल नावाचा एक हात असतो आणि त्या हाताच्या टोकाला गंधकाचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात. चिमट्याची दोन टोके म्हणा. आर्सेनिकाला गंधकाची भारी ओढ. खाणीत हरताळ होऊन ते गंधकालाच बिलगलेले सापडते, तेच शरीरात घडते. ते चिमट्याच्या दोन टोकांमध्ये जाऊन बसते, आणि चिमटा मिटला तो उघडत नाही. पीटर्स यांच्या प्रयोगशाळेतील स्टॉकन आणि थॉम्पसन यांनी १९४० मध्ये उतारा काढला तो याच तत्त्वावर: शेजारी-शेजारी गंधकाचे दोन अणू असलेला दुसरा चिमटा औषध म्हणून द्यावयाचा, म्हणजे आर्सेनिक आपल्या विकराला सोडून त्याला धरील. लुइसाइटवरचा ब्रिटिश उतारा या नावाने ते औषध प्रसिद्ध आहे. विषबाधा ताजी असेल तर ते उपयोगी पडते. उशिरा दिले तर गेलेले परत येत नाही.

याखेरीज दुसरी एक लबाडी आहे. आर्सेनिक हे स्फुरदाचे भावंड. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ते स्फुरदाच्या बरोबर खाली बसते. पाच हातांचे आर्सेनिक स्फुरदाचे सोंग घेऊन शक्तीचे नाणे पाडणाऱ्या टांकसाळीत शिरते. नाणे पडते, पण ते हातात येताच विरघळून जाते.

आता मेंदूकडे वळू. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके, पण विसाव्यात असलेल्या शरीराच्या इंधनाचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. असे खर्चिक पाहुणे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येऊन गेले असतील. हा खर्च मुख्यतः निरोप पाठवण्यावर होतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नसून त्यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. पेशीच्या धाग्यातून विजेची लहर येते, फटीच्या काठाशी थांबते, तिथे एका रसायनाचे थेंब सुटतात, ते पलीकडच्या काठावरच्या दारांवर आदळतात, दारे उघडतात आणि पलीकडे नवी लहर उठते. मी हे वाक्य बोलून संपवीपर्यंत आपणा प्रत्येकाच्या डोक्यात असे किती निरोप गेले, त्याची मोजदाद कोणी करू शकणार नाही.

ॲसिटिलकोलीन हा या निरोप्यांपैकी एक. लक्ष देणे आणि ध्यानात ठेवणे यांत त्याचे मोठे काम आहे. आणि गंमत पाहा, हा निरोप्या घडवावयास लागणारा कच्चा माल, ॲसिटिल नावाचा तुकडा, सोमलाने अडवलेल्या त्याच पायरीवर तयार होतो! एकाच ठिकाणी बोट ठेवून सोमल चूलही विझवतो आणि टपालवाल्याची पिशवीही रिकामी करतो.

ग्लुटामेट हा दुसरा निरोप्या. मेंदूतले बहुतेक 'चल, ऊठ' असे निरोप हाच नेतो. एका वाटेने पुन्हा पुन्हा निरोप गेले की पलीकडच्या काठावर दारे वाढतात आणि ती वाट रुळते. पाढे पाठ होणे, आईचा आवाज ओळखणे, सायकलीचा तोल सांभाळणे, यांच्या मुळाशी असले वाटा रुळणेच आहे, असे आज शास्त्रज्ञ मानतात. उंदरांच्या मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा जो भाग असतो, त्याच्या पातळ कापा जिवंत ठेवून त्यांवर प्रयोग झाले आहेत. सोमलाच्या सान्निध्यात ही वाट नीट रुळत नाही असे त्यांत दिसले. शिवाय निरोप पोचल्यावर फटीतला उरलेला ग्लुटामेट झाडून काढावा लागतो, नाहीतर दारे उघडीच राहून पेशी थकून मरते. हे झाडलोटीचे काम ताऱ्याच्या आकाराच्या शेजारी पेशी करतात. काचपात्रात वाढवलेल्या अशा पेशींना सोमल दिला की त्यांची झाडण्याची शक्ती कमी होते.

इथे मला ब्रेक दाबला पाहिजे. काचपात्र म्हणजे मूल नव्हे आणि उंदीर म्हणजेही मूल नव्हे. अशा प्रयोगांत बहुधा पिण्याच्या पाण्यातल्यापेक्षा मोठी मात्रा वापरलेली असते. यकृतही मध्ये बसलेले आहे. ते आर्सेनिकाला मिथिल नावाचे शेपूट जोडून लघवीवाटे घालवू पाहते. पूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की हे विषाचे निर्विषीकरण. आता कळले आहे की या वाटेवरची मधली काही रूपे मूळ सोमलापेक्षाही जहाल आहेत. तेव्हा विष कुठे आणि कसे काम करू शकते हे प्रयोगशाळा सांगते. मुलांना प्रत्यक्ष काय झाले, हे मुलांनाच भेटून विचारावे लागते.

ते विचारले गेले, आणि न विचारताही राहिले, अशी गोष्ट जपानची आहे. १९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानात अंगावर न पिणारी तान्ही मुले एकाएकी आजारी पडू लागली. ताप, हगवण, पोट फुगलेले, कातडी काळवंडलेली. ओकायामा विद्यापीठाच्या बालरोग विभागाने ऑगस्टमध्ये कारण शोधून काढले: ही सारी मुले मोरिनागा या मोठ्या नामांकित कंपनीची दूधभुकटी पीत होती. भुकटी पाण्यात नीट विरघळावी म्हणून तोकुशिमा येथील कारखान्यात तीत सोडियम फॉस्फेट मिसळीत, आणि ते फॉस्फेट होते ॲल्युमिनियमच्या धंद्यातून निघालेला उपपदार्थ, आर्सेनिकाने भरलेला. खाण्याच्या योग्यतेचे फॉस्फेट महाग, हे स्वस्त. सरकारी मोजणीप्रमाणे १२,१३१ बालकांना बाधा झाली आणि १३० मरण पावली.

उरलेली जगली. १९५६ मध्ये त्यांची तपासणी झाली आणि जवळजवळ सर्व मुले बरी झाली आहेत, मागे काही उरण्याची भीती नाही, असा निर्वाळा देण्यात आला. तपासणारे काय पाहत होते? ताप उतरला होता, कातडीचा रंग निवळला होता, यकृत जागेवर आले होते. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या मेंदूतल्या कोणत्या वाटा रुळल्या नाहीत, हे त्याचे यकृत चाचपून कसे कळणार? जे मूल अजून बोलत नाही, ते पुढे अडखळत बोलेल की नाही, हे कोणत्या काचेवर उमटणार? ज्यांनी निर्वाळा दिला ते सगळेच अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. पण जे अजून दिसू शकत नव्हते ते नाहीच असे त्यांनी लिहून दिले, आणि त्या कागदाच्या आधाराने एक प्रकरण मिटवले गेले, हे म्हटलेच पाहिजे.

पुढची चौदा वर्षे आयांनी काढली. मूल उशिरा चालू लागले, फेफरे येऊ लागले, एका कानाने ऐकू येईना, शाळेत मागे पडले. डॉक्टरांकडे जावे तर उत्तर मिळे की दुधाचा संबंध नाही, ते प्रकरण केव्हाच संपले. पुष्कळ आयांनी स्वतःलाच दोष दिला. बाटली आपल्याच हाताने तोंडाशी धरली होती ना! मूल दूध नको म्हणून रडत असता आपण ते समजावून पाजले, ही आठवण काय करीत असेल, याची कल्पना इथे बसलेल्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक येईल. ओकायामाचे काही पालक तेवढे चिकाटीने एकत्र राहिले.

१९६९ मध्ये ओसाका विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी मारुयामा यांच्या प्रेरणेने सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका आणि शाळांतल्या आरोग्यशिक्षिका यांनी साधे काम केले. त्या घरोघर गेल्या. साठांहून अधिक मुलांची विचारपूस केली, आणि आयांनी सांगितले ते लिहून घेतले. 'चौदाव्या वर्षीच्या भेटी' या नावाचा तो वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि जपान हादरला. मागाहून झालेल्या मोठ्या तपासण्यांत बुद्धिमांद्य, अपस्मार आणि मज्जासंस्थेचे इतर दोष या मुलांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. कारखान्यातल्या उत्पादनाच्या प्रमुखाला शिक्षा झाली ती १९७३ मध्ये; ती मुले तेव्हा अठरा वर्षांची होती. १९७४ मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या सांभाळासाठी हिकारी ही संस्था स्थापन झाली आणि ती आजही काम करते. हिकारी म्हणजे प्रकाश. ती तान्ही बाळे आता सत्तरीला आली आहेत, आणि त्यांतल्या काहींना अजूनही दुसऱ्याच्या आधाराने दिवस काढावा लागतो.

जपानमध्ये मात्रा मोठी होती, काळ थोडा होता आणि गुन्हेगार एक होता. आपल्या शेजारी याच्या नेमके उलटे घडले आहे. बंगालमध्ये तळ्यांचे पाणी पिऊन मुले हगवणीने मरत, म्हणून १९७० नंतर बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या. हेतू चांगला होता आणि हगवणीपासून अनेक मुले वाचलीही. पण हिमालयातून वाहून आलेल्या त्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरात ते सुटून पाण्यात येते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये काळे-पांढरे डाग पडलेले रोगी ओळखले. बांगलादेशात १९९३ मध्ये विहिरींत आर्सेनिक सापडले. तिथे काही कोटी माणसे असे पाणी पीत होती. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना बंगालसारखी ही बाधा नाही. पण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडात अंबागढ चौकीच्या भागातल्या खडकांतून ती पाण्यात उतरलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये घातलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असे समजा: दहा हजार लिटरच्या टँकरात चार-पाच तांदळाच्या दाण्यांच्या वजनाइतके आर्सेनिक. एवढ्याने कोणाच्या पायांना मुंग्या येत नाहीत. मग मुलांचे काय होते? बांगलादेशातल्या अराइहजार भागात संशोधकांनी दहा वर्षांच्या २०१ मुलांची बुद्धिपरीक्षा घेतली आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या मुलांच्या विहिरीत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक होते, त्यांचे गुण स्वच्छ विहिरींच्या मुलांपेक्षा कमी होते. आईचे शिक्षण, घरची स्थिती, मुलाची अंगलट, हे सर्व हिशेबात धरूनही फरक राहिला. त्याच मंडळींनी २००६ मध्ये पाण्यातल्या मँगेनीजचाही असाच संबंध दाखवला, तेव्हा सारे पाप एकट्या आर्सेनिकाच्या माथी मारता येत नाही. पण गर्भाला वारेतूनही आर्सेनिक पोचते हे सिद्ध आहे, आणि इतर ठिकाणच्या अनेक पाहण्याही याच दिशेने बोट दाखवतात.

त्या २०१ मुलांपैकी कोणत्याही एका मुलाला पुढे बोलावून 'याचे गुण सोमलाने खाल्ले' असे कोणी म्हणू शकत नाही. तो स्वभावतःच मंद असेल, परीक्षेच्या दिवशी उपाशी असेल. नुकसान दिसते ते सर्वांची सरासरी काढल्यावर. आणि सरासरी दोन-चार गुणांनी खाली सरकली की वर्गातला पहिला मुलगा थोडाच खाली येतो; पण जी काठावर होती, ती काठाच्या खाली जातात. शंभरांच्या वर्गात असे किती, आणि लाखोंच्या जिल्ह्यात किती, हा हिशेब आपणच करावा. न्यायालयाला एक नाव लागते आणि इथे नावच देता येत नाही. १९५६ च्या तपासनिसांना एकेक मूल पाहून काही दिसले नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

करता येण्याजोगे काम पाण्याच्या बाजूला आहे, मुलाच्या नव्हे. नखांत आणि केसांत काही महिने खूण राहते, मग आर्सेनिक शरीरातून निघून जाते. मेंदूत झालेले मात्र तसेच राहते. म्हणून २००० नंतरच्या तीन-चार वर्षांत बांगलादेशात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. वाईट नळाचे तोंड लाल रंगवले, चांगल्याचे हिरवे. पुष्कळ बायका लाल नळ सोडून शेजारच्या वाडीतल्या हिरव्यावर जाऊ लागल्या. लांबचा हेलपाटा आणि शेजारणीचे बोलणे, दोन्ही सोसून. मग रंग उडाले, लोकांनी आपापल्या खर्चाने नव्या नळ्या खोदल्या, आणि त्यांतल्या कितीतरी कोणी तपासलेल्याच नाहीत. तपासणी मोठी नाही. बाटलीत पाणी घ्यावयाचे, त्यात दोन-तीन पुड्यांतली चूर्णे टाकावयाची आणि तोंडाशी औषध लावलेला कागदाचा तुकडा बसवून दहा-वीस मिनिटे थांबावयाचे. मार्शच्याच परीक्षेची ही धाकटी बहीण. पाणी चांगले असेल तर कागद पांढरा राहतो. नसेल तर त्यावर पिवळा डाग उमटतो, आणि आर्सेनिक जितके अधिक तितका तो तपकिरीकडे झुकत जातो.

कोणाला काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या अनुमतीने मी थांबायला तयार आहे.